अल्याडचं गाव

आबा, आधी आली ती चष्मेवाली पोरगी. तिच्या मागं एक जाडी, अन् सगळ्यात शेवटी त्यांच्या मॅडम, जिना चढून धापा टाकत. कॉलेजातल्या हायेत. धरणाच्या पाण्यात गेलेली गावं नकाशावर मांडत्यात, त्याचं पुस्तक निघणार हाय. इथं पैठण रोडला लेकाकडं राहायला आल्यापासून मला भेटायला म्हणून कोणी आलं, ही पहिलीच खेप. सूनबाईनं पोहे केले, मी ठेवणीतलं लुगडं नेसले. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी गंगा म्हणलं, तर चष्मेवाली म्हणती, "काशीची का, आजी?" "अगं बाई, गोदावरी! आमच्यात तिला गंगाच म्हणत्यात." शाळेतून येऊन मीच एकदा गोदावरी म्हणलं होतं. तुम्ही वाळूतल्या वाडीत खरबुजाचे वेल सारखे करत होता. "गोदावरी मास्तरची. घरात गंगा म्हणायचं," म्हणून खेकसलात, अन् लगेच एक खरबूज फोडून अर्धं माझ्या हातात. उन्हाळ्यात जिथं वाडी, पावसाळ्यात तिथंच तुमची नाव. तुम्ही वल्हं मारताय, मी बाजाराची पाटी धरून बसलीय. आता त्या धरणाच्या पाण्याला नाथसागर म्हणत्यात, पक्षी बघायला गाड्या येत्यात. सगळं सांगितलं. मॅडम म्हणल्या, "या आजींना नदी तोंडपाठ आहे." मी फुगले.

मग त्यांनी विचारलं, "गाव कोणत्या काठाला?" मी म्हणलं, "अल्याड." तुम्ही अल्याडच म्हणायचा. जाडीनं लगेच नकाशावर ठिपका दिला. जाताना वाचून दाखवलं, "गाव उत्तर काठाला, जुन्या निजामाच्या मुलुखात."

तिथं ध्यानात आलं. निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई, ती तर पल्याड! निजाम जाऊन वर्षं झाली तरी तुम्ही नाव सोडताना हाळी द्यायचा, "चला, मोगलाईत कोण कोण येतंय?" आपण इंग्रजांकडचे. मला तुम्ही मोगलाईत दिलं, जल्म ह्या काठाला गेला, पर तोंडातलं अल्याड तुमच्याच काठाचं राहिलं. पोरींनी अल्याड म्हणजे मी आता बसलीय ती बाजू धरली. त्यांचं काय चुकलं?

"बरोबर ना, आजी?"

"व्हय," म्हणलं मी.

तोंडपाठवाली आजी चुकली असं कसं म्हणू, म्हणून. अन् आबा, दुसरंबी एक. गाव चुकीच्या काठाला गेलं तरी मला काही वाटलंच नाय. धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा तुम्ही काठावर बसून रडत होता अन् मी भाकरी बांधत होते, तेव्हाबी नव्हतं वाटलं. लोकं म्हणायची, पोरगी धीराची. धीर नव्हता तो. आत काही हललंच नव्हतं, अजून हललं नाय. पर छापलं गेलं की तुम्ही जल्मभर मोगलाईत राहिला असं होईल, अन् खोडायला मागं कोणी नाय.

तुम्ही जाऊन जमाना झाला, हा कागद कुठं धाडायचा नाय. अल्याड म्हणलं की पुन्हा घोटाळा, म्हणून सूनबाईला विचारून घेतलं. सूर्य उगवतो तिकडं तोंड केलं की उजवा हात, ती दक्षिण. तेवढाच शब्द घोकतेय. लिहून नेलंय त्यावर माझी सही घ्यायला पोरी गुरुवारी येतो म्हणल्यात.