सेफ्टीचा लिव्हर

मामू, मला आता दाढी आहे. तुमच्यासारखीच, हनुवटीखाली दाट आणि गालांवर विरळ. नोकरी संपवून गावी आल्यावर ठेवली. आरशात बघताना कधी कधी वाटतं, तुम्ही मागे उभे आहात. मी वळून बघत नाही. आज सकाळी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आतली वस्तू बघून ही म्हणाली, "हे भूत अजून ठेवलंय? पोरं घाबरतील." मी म्हटलं, राहू दे. पेटी समोर उघडी आहे आणि मी लिहायला बसलो आहे.

आखातातल्या लढाईचा, हफ्र अल बातिनचा तो हिवाळा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, गावात नुसता बसून होतो, म्हणून तुम्ही व्हिसा पाठवलात. तुमचे हात जन्मभर लाँचची इंजिनं उघडलेले. वर्कशॉपमध्ये तुम्ही ट्रकच्या विभागात होतात. लढाई जवळ आली तशी लष्कराची कामं वाढली, आणि बारीक कामाला तुमचा हात चांगला म्हणून तुम्हाला रायफलींच्या टेबलावर बसवलं, मला तुमच्या हाताखाली. जुन्या रायफलींचे सेफ्टीचे लिव्हर झिजले होते. गाडीत बसल्या बसल्या कपड्याला घासून लिव्हर सरकायचा, आणि रायफल चाप ओढायला मोकळी झाली आहे हे माणसाला कळायचंही नाही. म्हणून नवे लिव्हर आले होते. तुम्ही जुना काढायचात, नवा बसवायचात, दोन्हीकडे फिरवून आवाज ऐकायचात. मी पुसून रॅकला लावायचो. तुम्हाला ते काम आवडत होतं. मला त्या टेबलाची भीती वाटायची, पण तेव्हा मला सगळ्याचीच वाटत होती.

गॅसचे मास्क सैनिकांना मिळाले होते, गोऱ्या इंजिनिअरांना मिळाले होते. आम्हाला चिकटपट्टी मिळाली, खिडकीच्या फटींना लावायला. केरळचा फोरमन सगळ्यांना जमवून म्हणाला, "सायरन बजा तो टॉवेल गीला करो, नाक पे रखो, बस." तुम्ही विचारलंत, "टॉवेल कंपनी देगी?" सगळे हसले. मी त्या संध्याकाळी माझा टॉवेल बादलीत बुडवून नाकाला लावून बघितला आणि किती वेळ श्वास घेता येतो ते पाहिलं. फार वेळ येत नाही.

विमानं रोज जाऊ लागली होती तेव्हा तो रकीब आला. रकीब म्हणजे तिकडचा हवालदार. आपल्याकडे हा शब्द शायरीत प्रेमातल्या वैऱ्यासाठी येतो, हे मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "ह्याच्याशी कोण प्रेमात स्पर्धा करणार?" त्याने रायफल टेबलावर ठेवली. "सदीक, हादा माफी जेन." दोस्ता, हे चांगलं नाही. त्याने अंगठा दाखवला, लाल झालेला. तुम्ही एका बोटाने लिव्हर फिरवलात. टक, टक. त्याचा विश्वास बसेना. त्याने खिशातून काळा जाड रबरी हातमोजा काढला, गॅसपासून बचावाचा. तो घालूनही तुम्ही लिव्हर फिरवलात. "इधर जेन," तो चिडून म्हणाला, "उधर, सुबह, माफी." उधर म्हणजे सरहद्द. तुम्ही म्हणालात, "रात को इधर छोड़ो. कल देखेंगे." तो म्हणाला, "कल कौन किदर, मालूम?" पण त्याचा ट्रक आमच्याकडेच दुरुस्तीला होता, त्यामुळे त्याला थांबणं भाग होतं.

तुम्ही स्प्रिंग बदललीत. फरक नाही. लिव्हरचा दांडा वाकला आहे का ते काचेवर लोळवून पाहिलंत. वाकला नव्हता. मी कानस पुढे केली, खाच जरा घासू म्हटलं, सैल होईल. तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. "सैल होता म्हणून तर बदलला. गाडीत सुटली तर शेजारचा मरेल." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: "सकाळी म्हणाला ना तो. मग सकाळीच बघू." रायफल स्टोअरमागच्या कुलूपबंद जाळीत उघड्यावर ठेवलीत.

फजरची नमाज झाल्यावर तुम्ही मला उठवलंत. नळाला बर्फ धरला होता. तुम्ही हातमोजा घालून अंगठा लावलात आणि लिव्हर हलला नाही. दोन्ही हातांनी जोर केलात तेव्हा हलला, वाळूवर पाट सरकावा तसा आवाज करत. तुम्ही तिथेच लिव्हर उपसलात आणि दांडा पांढऱ्या फडक्यावर ओढलात. फडक्यावर राखाडी लगदा. तो बोटांत चोळलात, वास घेतलात.

तो ग्रीस होता, ट्रकच्या चाकांचा, घट्ट. नव्या लिव्हरला पातळ तेलाचा एक थेंब, एवढंच सांगितलं होतं. पण आपल्याकडे उघडं लोखंड एका पावसात जातं. बिजागरी, कोयती, लाँचचा शाफ्ट, सगळ्याला ग्रीस फासायचा, ही तुमच्या बोटांची सवय. कुणी न सांगता तुम्ही प्रत्येक भोक जपून भरलं होतंत, खारं वारं लागू नये म्हणून. तिथे खारं वारं नव्हतं. पिठासारखी धूळ होती, ती ग्रीसला चिकटली, आणि पहाटेच्या थंडीत त्याची लाख झाली. शेकोटी पेटवलेल्या वर्कशॉपमध्ये मात्र सगळं मऊ.

"हे माझं आहे," तुम्ही म्हणालात.

मी आवाज खाली आणला. "मामू, ही पुसून देऊ. पार्टच खराब आला होता म्हणू."

"आणि बाकीच्या?"

बाकीच्या त्याच्या तुकडीबरोबर सरहद्दीवर पोचल्या होत्या. ते मला माहीत होतं. रॅकवरून मीच उचलून दिल्या होत्या. "तुम्हाला धरतील," मी म्हटलं. "मुद्दाम केलं म्हणतील." आमचा येमेनी चहावाला काही महिन्यांपूर्वी सामान बांधून निघून गेला होता. येमेनी लोकांसाठी नियम बदलले, एवढंच कळलं होतं. परदेशी माणसावर संशय यायला तेव्हा फार काही लागत नव्हतं, आणि तुम्ही तर लष्कराच्या रायफली अडकवल्या होत्या.

तुम्ही हात पुसलेत. "तू इथंच थांब. मी एकटा बोलतो. तुला काही झालं तर बहिणीला काय तोंड दाखवू?"

मी जाळीपाशी थांबलो. तुम्ही रकीबला फडकं दाखवता आहात. "गलती मेरा. ग्रीस मैं डाला. बाकी बंदूक में भी." तो तुमच्याकडे बघतो, फडक्याकडे बघतो. "लेश?" का? तुम्ही म्हणता, "हमारे गाँव में समुंदर है." त्याला कळत नाही. "बहर," तुम्ही म्हणता, आणि हाताने लाट करून दाखवता. तो चारी बाजूंना बघतो, जणू त्या सपाट मातीत कुठे पाणी आहे का ते शोधतोय. मग त्याने एकच शब्द उच्चारला, "तआल." चल. तुम्ही रॉकेलचा डबा उचललात, फडकी, पातळ तेलाची बाटली, आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटतं, माझ्यासाठीच बघितलं नाहीत.

फोरमन आला. "मामू किदर?" मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "इकामा साथ में है ना?" मी खोलीकडे धावलो. खुंटीला तुमचा शर्ट होता आणि खिशात इकामा, तिथे राहण्याचा परवाना. सरहद्दीच्या पट्ट्यात, लष्कराच्या गाडीत, ओळखीच्या कागदाशिवाय. मी तो हातात धरून दिवसभर फिरलो. कुणाला द्यायचा ते सुचेना. अंधार पडला आणि सायरन झाला. चिकटपट्टी लावलेल्या खोलीत आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो, आणि मी तुमचाही टॉवेल भिजवून तुमच्या जागेवर ठेवला. लांब कुठेतरी धक्का बसला, बल्ब हलला. कुणीतरी मल्याळममध्ये प्रार्थना म्हणत होतं. मला तुमचं नाव सोडून काही आठवत नव्हतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलात. हातांची साल रॉकेलने निघाली होती.

"सगळ्या साफ केल्या?"

"सगळ्या. एकेकाला हातमोजा घालून पहाटे लिव्हर फिरवायला लावला. पोरं शिव्या देत होती."

"आणि त्याने काय केलं?"

"जेवायला घातलं. मीठ कमी होतं."

मी रडलो. तुम्ही तिकडे दुर्लक्ष करून एक कापडी पिशवी पुढे केलीत. आत मास्क होता. "त्यानं दिला. जादा होता. घे."

"तुम्हाला दिलाय."

"माझ्या दाढीला बसत नाही. बाजूनं हवा शिरते."

"मग दाढी काढा."

"आणि तुझ्या तोंडाला काय लावू? कापलेली दाढी?"

पुढच्या सायरनला मी तो घातला. तुम्ही ओल्या टॉवेलआडून काहीतरी सांगत होतात. मला माझ्याच श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दोन गोल काचांतून तुमचे डोळे दिसत होते आणि टॉवेलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली दाढी. सायरन संपल्यावर विचारलं, काय सांगत होतात? "काही नाही. पट्टा सैल आहे म्हणत होतो." लढाई संपेपर्यंत तो मीच घातला. गॅस कधी आला नाही. त्यानंतर तुम्ही पुष्कळ जगलात, आणि गावी, आपल्या खाटेवर गेलात. तुम्हाला खांदा देताना पहिल्या ओळीत मी होतो.

तुमच्या दाढीला तो मास्क खरंच बसत नव्हता का, की तुम्ही बसवून पाहिलाच नव्हता, हे मी तुम्हाला विचारलं नाही. आता विचारायची गरजही नाही. मास्क पेटीत आहे, रबर कडक झालं आहे पण फाटलेलं नाही. आणि दाढी माझ्या तोंडावर आहे, तुमचीच. मास्क चढवायचा, पट्टे ओढायचे, पुढचं हवेचं भोक तळहाताने झाकून श्वास आत घ्यायचा. हवा शिरली तर तुम्ही खरं सांगितलंत. रबर गालांना चिकटलं तर नाही.

मघाशी दार लावून घेतलं आणि तो तोंडाजवळ नेला. आत अजून रॉकेलचा वास आहे, तुमच्या हातांचा. हिने बाहेरून हाक मारली. मग तो पिशवीत परत ठेवला. हा कागदही तिथेच ठेवतो.

घालून पाहिला नाही, मामू. भीती वाटते.