पाणी न घालण्याचे एकवीस दिवस

१ मार्च, शनिवार
परदेशात येऊन सहा महिने झाले, आता कुठे खरं संशोधन सुरू. दोन ट्रे, प्रत्येकात घेवड्याची वीस रोपं. 'अ' ट्रेला यंत्र रोज पाणी देणार. 'ब' ट्रेला उद्यापासून एकवीस दिवस पाणी बंद. कुठलं रोप कितव्या दिवशी मान टाकतं, तेवढं लिहायचं. थोडक्यात, मी काहीही करायचं नाही. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, हे तीनदा सांगितलं. एकदा सांगून पुरलं असतं.
२४ तारखेला तीन जणांची समिती. पास झालो तर तीन वर्षं इथेच पीएचडी, नाही तर बॅग भरून घरी. सूचनांची चाळीस पानं दिली. सही केली, वाचू निवांत.
लॅब सांभाळणारे गृहस्थ 'ब' ट्रेमध्ये एक काडी खुपसून गेले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून मी त्यांना मनात कुलूपकाका म्हणतो. काडीला वायर आहे. टेकू असावा. वीस रोपांना एक टेकू म्हणजे कमाल आहे.
संकल्प: पाचला उठणे. रोज प्रबंधाची दोन पानं. येरझाऱ्या बंद.

२ मार्च, रविवार
साडेआठला उठलो. पावणेअकराला घरी व्हिडिओ कॉल, थेट लॅबमधून. ताई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन कुंड्याच सांभाळायच्या होत्या, तर आपली गॅलरी काय वाईट होती. दुर्लक्ष केलं.

४ मार्च, मंगळवार
बसवत नाही. लायब्ररीत तिसऱ्या मजल्यावर खुर्ची करकरते. दुसऱ्यावर कोणीतरी खोकतं. पहिल्यावर फार शांतता. खोलीवर येऊन टेबल खिडकीकडे वळवलं, मग भिंतीकडे. प्रबंध: शीर्षकाचा अर्धा भाग. रोपं बघायला सहा वेळा गेलो.

९ मार्च, रविवार
रोपं मलूल. अपेक्षितच. कॉलवर आईने बघितलं आणि म्हणाली, अरे, काय दशा झालीये यांची, मुक्या जिवाला तहानलेलं ठेवतात का. तिला सगळा प्रयोग समजावला. ती म्हणाली, समजलं मला, पण घोटभर घाल. मी ठाम नकार दिला.
नंतर फोन टेबलावर उभा करून हात धुतले आणि ट्रेवर झटकले. टॉवेल सापडेना. हात नीट निघाले नाहीत म्हणून चार-पाच वेळा धुतले. याला पाणी घालणं म्हणत नाहीत. आईला बरं वाटलं, तेवढंच.

१२ मार्च, बुधवार, दुपारी ३.१०
बाटलीत पाणी उरलं होतं, कालचं. बेसिन चार पावलांवर, ट्रे हाताशी. शिळं पाणी मोजत नसावेत.

१४ मार्च, शुक्रवार
मॅडम आल्या. एव्हाना निम्म्या रोपांनी मान टाकायला हवी होती म्हणाल्या. इथे वीसच्या वीस ताठ. बराच वेळ बघत राहिल्या आणि 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या. घरच्या कॉलेजात सरांनी चार वर्षांत माझ्याबाबतीत हा शब्द काढला नव्हता.
शांतपणे विचार केला. नुसते हात झटकून एवढा फरक पडणं शक्य नाही. वाणच चिवट आहे. आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? दिवसातून सहा वेळा कोणी बघितलंच नसणार.

१६ मार्च, रविवार
आईने आधी रोपांची चौकशी केली, मग माझी. एक रोप पिवळट दिसत होतं. त्याला अर्धा पेला, औषध म्हणून. आजाऱ्याला नियम नसतात. बाकीच्या एकोणीस जणांना वाईट वाटू नये म्हणून थोडं थोडं.

१९ मार्च, बुधवार
प्रबंधाचं शीर्षक ठरलं: 'पाण्यावाचून जगणारा घेवडा'. अर्पणपत्रिकाही लिहून झाली. बाकी मजकूर राहिला. वाणाला आईचं नाव द्यावं असं घरी बोललो. बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं. टेबल परत खिडकीकडे.

२२ मार्च, शनिवार
एकवीस दिवस पूर्ण. वीसपैकी वीस जिवंत, दोघांना फुलं. कुलूपकाकांनी काडी काढली, पुसली, वायर गुंडाळली. म्हटलं, यांना आता टेकूची गरजच नाही. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. भारावले असावेत.

२४ मार्च, सोमवार
तो टेकू नव्हता. मातीतला ओलावा दर दहा मिनिटांनी नोंदवणारी काडी होती. सूचनांच्या सातव्या पानावर आहे म्हणे.
कुलूपकाकांनी आलेख पडद्यावर लावला. रेष छान उतरत येते आणि मध्येच टेकडी. अशा तीन. समितीतल्या बाईंनी विचारलं, रविवारी पावणेअकराच्या सुमाराला काय होतं. म्हणालो, घरी फोन असतो. बुधवारी तीन दहाला? म्हणालो, बाटली रिकामी करायची होती. मॅडम चष्मा पुसत बसल्या. 'इंटरेस्टिंग'सुद्धा म्हणाल्या नाहीत.
निकाल: एक शेवटची संधी. नवं बी पेरून प्रयोग पहिल्यापासून. रोपांच्या खोलीची किल्ली कुलूपकाकांकडे. मी दाराच्या काचेतून बघायचं.
बाबांना ग्रुपवरचा मजकूर काढायला सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदनं बेचाळीस आलीत, आता कसा काढू.

२० एप्रिल, रविवार
नव्या रोपांचं पाणी बंद होऊन आठवा दिवस. आज घरी सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, मग पाणी घातल्यावर कशी छान जगतात त्याचा अभ्यास करा म्हणावं तुझ्या मॅडमना, लवकर आटपेल. ताई हसली नाही. तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.
आईला रोपं बघायची होती. फोन काचेला लावला. आत सगळी मलूल. आईने पाण्याचं नावही काढलं नाही. म्हणाली, तू दारापासून जरा लांब उभा राहा.
कुलूपकाकांनी आतून तीन बोटं दाखवली. तिघांनी मान टाकली होती. मी वहीत तारीख घालून 'तीन' लिहिलं. माझ्या संशोधनातली ही पहिली खरी नोंद.