माझा फोटो पार्लरला कुणी पाठवला?

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते, तेवढं पुरत होतं. आज पुरत नाही. आज मला भांडायचंय. आणि लिहून भांडलं म्हणजे अर्ध्यातच "बरं, चहा टाक" म्हणत तुम्हाला सटकता येणार नाही.

विषय तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फोटोंचा आहे. घाबरलात? घाबराच.

झालं काय, मुक्ताच्या शाळेत 'माझं कुटुंब' असा तक्ता करायचाय. आपली नात आता दुसरीत आहे बरं! तिला आजी-आजोबांचा फोटो हवा, शिवाय तिचा स्वतःचा. सूनबाई खराडीला ऑफिसात, चिरंजीव गावाला. म्हटलं, बघू आपणच. तुमच्या शेजारी बसून ब्लाउजांना हुक लावण्यात माझी इतकी वर्षं गेली, थोडंफार तर डोळ्यांखालून गेलंय.

तुम्हीच सांगायचात, "हे बघ, हे सॉफ्टवेअर म्हणजे आपलं कपाट. सगळे फोटो इथे नावानिशी लावलेले. आणि हे दुसरं म्हणजे पार्लर. कपाटातून काढायचा, पार्लरला पाठवायचा, नटूनथटून आला की पुन्हा कपाटात." मी हसायचे. मला काय ठाऊक, पार्लरला रोज मलाच पाठवताय ते!

मुक्ताला मांडीवर घेऊन कपाट उघडलं. दगडूशेठच्या दारातला आपला फोटो निघाला, मी मोरपिशी साडी नेसलेला. पोरगी एकदा स्क्रीनकडे बघते, एकदा माझ्याकडे.

"आजी, तू आधी गोरी होतीस?"

"नाही गं. मी अशीच."

"मग काळी कशानं झालीस?"

याचं उत्तर तुम्ही द्यायचं. सांगा ना, आता का गप्प?

ते एक वेळ मी गिळलं असतं. पण पुढे तिच्या वाढदिवसाचा फोटो आला. केक, फुगे, आणि मधोमध पिठात घोळून काढल्यासारखी आपली मुक्ता! अहो, त्या पोरीलासुद्धा सोडलं नाहीत? जांभळासारखी तुकतुकीत पोर, माझ्यावर गेलेली, म्हणून मी मनातून किती मिरवायचे. आणि ती फोटोकडे बोट दाखवून मला काय म्हणाली ऐका. "आजी, आजोबांचं पार्लर तुला येतं? तक्त्यावर मला असंच लाव. खरी नको."

खरी नको! सात वर्षांची पोर म्हणते, खरी नको.

मी कॉम्प्युटर बंद केला, आत गेले आणि कणीक अशी तिंबली की परात वाजायला लागली. समोर असतात तर त्या दिवशी तुमचं काही खरं नव्हतं.

तुमचा पहिला पराक्रम आठवतो का? कंपनीतून निवृत्त झालात, बुधवार पेठेत हिंडून हिंडून कॅमेरा आणलात, आणि मुलाच्या लग्नातला माझा फोटो छापून हातात दिलात. मी विचारलं, "ही बाई कोण?" तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अगं, प्रकाश कमी होता. जरा दुरुस्त केला." मला वाटलं, असेल बाई. पुढे दर वेळी तेच. प्रकाश कमी होता! दगडूशेठच्या दारात भर दुपारी, चपला काढल्या तर पाय पोळत होते, तेव्हाही प्रकाश कमीच होता का हो? आणि मी ते इतकी वर्षं ऐकून घेतलं, कारण फोटो काढताना तुम्ही खुशीत असायचात.

साड्यांना फॉल लावताना दोरा जुळवायला मी बाल्कनीत उन्हात जाते. रंगाच्या बाबतीत मला शिकवू नका. तो प्रकाश नव्हता. ती तुमची मावशी होती. मला बघायला आलात तेव्हा चहा पिता पिता म्हणाली होती ना, "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." आणि तुम्ही काय म्हणालात? "मला चालेल." चालेल! बाजारात वांगी घेतात तसं. ती मावशी कधीच गेली, पण तुमच्या त्या पार्लरच्या खुर्चीत ती बसून होती, शेवटपर्यंत.

तर, मी ठरवलं, मूळचे फोटो शोधायचेच. तो दगडूशेठचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते शोधलं आणि ते अख्खं फोल्डर ओढून बाहेर आणून ठेवलं. कपाट उघडून बघते तर सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्ह! 'फोटो सापडत नाही.' तुमच्यावर राग असला तरी तुमचे फोटो घालवायचे नव्हते हो मला. ऑफिसात सूनबाईला, अनघाला, फोन लावला.

"आई, तुम्ही कपाटाला न सांगता फोटो हलवलेत. होते तिथे परत ठेवा, आपोआप दिसतील."

"आणि यांनी मला न सांगता मला हलवलं, त्याचं काय?"

ती हसली, पण मग हळूच म्हणाली, "आई, बाबा मूळ फोटो कधीच पाठवायचे नाहीत. पार्लर विचारतं ना, मूळ फोटो उघडू की प्रत काढू? ते नेहमी प्रतच काढायचे, मूळ फोटो तिच्याखाली तसाच असतो. फोटोच्या कोपऱ्यात आकडा दिसतोय का? त्यावर दाबा."

फोल्डर होतं तिथे परत ठेवलं, आकडा दाबला. आणि त्या पिठाळ बाईच्या खालून मी निघाले! मोरपिशी साडी, घामानं चमकणारं कपाळ, आणि माझा स्वतःचा रंग. मग सगळे उघडत सुटले. प्रत्येक गोऱ्या बाईच्या खाली मी. प्रत्येक गोऱ्या मुक्ताच्या खाली मुक्ता.

आणि मग ते तारे दिसले. आवडलेल्या फोटोला तुम्ही पाच तारे द्यायचात. एकाही नटवलेल्या फोटोला तारा नाही. सगळे तारे खालच्या, मूळच्या फोटोंना.

तुम्हाला वाटत असेल, हे बघून मी विरघळले. मुळीच नाही, उलट जास्त भडकले! म्हणजे मी जशी आहे तशीच तुम्हाला आवडत होते तर! मग चांगली ती लपवून तुमच्यापाशी ठेवलीत आणि भिंतीवर, नातेवाइकांना, ग्रुपवर ती पिठाची बाई? कुणाची भीती होती एवढी? एकदा, अहो, एकदाच सगळ्यांसमोर म्हणायचंत ना, माझी बायको अशी आहे आणि मला अशीच हवी. इतका का जड होता तो शब्द?

काल मुक्ताला परत मांडीवर घेतलं. तो आकडा तिलाच दाबायला लावला. वाढदिवसाची खरी मुक्ता वर आली, गालाला केक लागलेली. मी तारे दाखवले. "आजोबांना कुठली आवडायची बघ." तिनं आपला हात स्क्रीनला लावून बघितला, मग माझ्या हाताला.

"मग त्यांनी दुसरी का केली?"

"आजोबा घाबरट होते," मी म्हटलं. खरं ते सांगितलं. राग येऊ दे तुम्हाला.

तिनं फोटोतल्या गालावरच्या केकवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "केकवाली लाव."

तक्त्यावर केकवाली मुक्ता लागली आणि मोरपिशी साडीतली मी.

आता तुमचं. हार घातलेला तुमचा फोटो मी आज नीट बघितला. भुवईवरचा व्रण कुठे गेला हो? कर्वेनगरच्या वळणावर स्कूटर घसरली, मागे मी होते, मला सावरताना तुम्हाला टाके पडले, तो व्रण. तोही पार्लरला देऊन आलात? रोज उदबत्ती लावताना काहीतरी चुकल्यासारखं का वाटतं, ते आज कळलं.

तेव्हा शब्द देते. आजपासून पार्लर बंद. कपाट मी सांभाळेन, एक फोटो हरवू देणार नाही. आणि वर्षश्राद्धाच्या आधी ती फ्रेम उघडून तुमचा मूळचा फोटो लावीन, व्रणासकट. मला काय चालेल ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण सांगते. मला तेच तोंड हवंय. त्याच्याशीच मी भांडणार आहे.

तुमचीच, उन्हात बघून घ्यावी अशा रंगाची,
शालन