झेनोवी पेत्राशचा सुवर्ण हंगाम

१४ नोव्हेंबर २०११, सकाळी सात

नवी वही. बाहेर चार बोटं बर्फ पडलाय, म्हणजे हंगाम सुरू. संकल्प लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा.

ओरिस्या यंदा ज्युनियर स्लॅलमची, म्हणजे काठ्यांमधून वळत उतरायच्या स्कीइंगची, राष्ट्रीय चॅम्पियन होणार. शर्यत अठरा फेब्रुवारीला, आमच्याच स्मेरेच्ने गावाच्या उतारावर. पोरगी पंधरा वर्षांची, आई बाजारात मेंढीचं चीज विकते. सात वर्षं मी तिला घडवतोय.

सिगारेट बंद. वजन आठ किलो कमी. मुलांवर ओरडायचं नाही, फक्त ठाम बोलायचं.

सकाळी पावणेआठ

सिगारेट उद्यापासून. पहिला बर्फ आहे, आनंदाचा दिवस.

१६ नोव्हेंबर

नेओनिलाबाईंनी ऑफिसात बोलावलं. या आमच्या क्रीडाशाळेच्या मुख्याध्यापिका. पूर्वी बुद्धिबळ शिकवायच्या, त्यामुळे बर्फातलं काही कळत नाही, पण समोरचा पुढे काय बोलणार ते आधीच कळतं. म्हणाल्या, झेनोवी, यंदापासून तुमच्याबरोबर आणखी एक प्रशिक्षक असेल. यारीना येतेय.

शेवटी ऐकलं माझं. तीन वर्षं असिस्टंट मागतोय.

यारीना माझीच जुनी विद्यार्थिनी. पोरीत धमक होती. सतराव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रेसिंग सुटलं. हाडंच नाजूक, कोच तरी काय करणार. आता ल्विवला शिकून आलीय. येऊ दे. काठ्या उचलायला माणूस हवंच होतं.

२१ नोव्हेंबर

असिस्टंट रुजू झाली. सोबत कॅमेरा, लॅपटॉप आणि रबराचे पट्टे. मुलांना तासभर हॉलमध्ये एका पायावर उभं केलं. आम्ही त्यांच्या वयाचे असताना लाकडं फोडायचो. मी म्हटलं, बाई, सारस पक्षी तयार करतेयस की खेळाडू? हसली. मग प्रत्येकाला विचारत सुटली, कुठे दुखतं का?

हा असला प्रश्न मुलांना विचारायचा नसतो. विचारलं की दुखतंच. ओरिस्या म्हणाली, डावा गुडघा. मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, थोडासाच.

यारीनाने वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं, पण चष्मा घरी राहिला होता.

२ डिसेंबर

शाळेच्या नोटीस बोर्डावर नेमणुकांचा कागद लागलाय. स्तेफा पोस्टातून घरी येताना वाचून आली. बायको आहे, पण पोस्टात काम करते, दुसऱ्याचं वाचायची सवय. म्हणाली, त्यात लिहिलंय मुख्य प्रशिक्षक यारीना, सहायक प्रशिक्षक तू.

म्हटलं, नावं उलटी छापलीत. टायपिस्ट नवी आहे.

स्तेफा म्हणाली, टायपिस्ट अठरा वर्षं तीच आहे.

सरकारी कागदाने माणूस लहान-मोठा होत नसतो. चौऱ्याण्णव साली परदेशातल्या स्लॅलममध्ये मी देशाच्या नावाने उतरलो, तेव्हा कुठल्या नोटीस बोर्डावर होतं? एकेचाळिसावा आलो. चव्वेचाळिसात. लोक दुसरा आकडाच लक्षात ठेवतात. दुसऱ्या फेरीत पडलो, उठून रेघ ओलांडली, गुडघा तिथेच ठेवून आलो. तो देशासाठी दिला.

१८ डिसेंबर

सकाळी उतारावर गेट लावले, लाल-निळ्या काठ्या, अंतर कमी, वळणं तीव्र. जेवून येतो तर सगळ्या काठ्या हललेल्या. यारीना म्हणाली, सर, वाढत्या वयात इतकी तीव्र वळणं नकोत. मुलं तिच्या काठ्यांमधून उतरली. वेळा चांगल्या आल्या. मुळात पाया माझा.

वजन एक किलो वाढलं. स्नायू असणार.

७ जानेवारी २०१२, जुन्या पंचांगाचा आमचा ख्रिसमस

उपास सुटला. सासूबाईंनी पाठवलेला सालो, म्हणजे खारवलेली डुकराची चरबी, आणि स्तेफाचे बटाटा भरून उकडलेले वारेनिकी. वजन मोजणार नाही. सणाला मोजू नये.

दुपारी मुलं कागदाचा तारा घेऊन सणाची गाणी म्हणायला आली. ओरिस्या जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी. स्तेफाच्या नजरेत आलं. मी म्हटलं, नवे बूट आहेत. स्तेफा म्हणाली, आजीचे आहेत ते, वीस वर्षांचे.

ही बाई पोस्टात वाया गेली. पोलिसात हवी होती.

१५ जानेवारी

निर्णय घेतला. यारीनाच्या रबरी पट्ट्यांनी मेडल येत नाही. मेडल हवं तर फेऱ्या वाढवायला हव्यात. उद्यापासून ओरिस्याचा खास सराव सकाळी सहाला, बाकीचे यायच्या आत. तिला म्हटलं, हे आपल्या दोघांतलं. विश्वासाची गोष्ट आहे. ती गप्प. गप्प बसणं हा चॅम्पियनचा गुण.

ह्रिनमामांना लिफ्ट लवकर चालू करायला सांगितलं. चाळीस वर्षं ते दोराची लिफ्ट चालवतात. माझ्या लहानपणी त्यांनीच मला वर ओढलंय. म्हणाले, यारीनाला माहीत आहे? म्हटलं, मामा, हेड कोच कोण आहे? म्हणाले, म्हणूनच विचारलं.

१७ जानेवारी

अठरा फेऱ्या. पहिली एक्केचाळीस सेकंद, शेवटची सेहेचाळीस. थकवा मनाचा असतो. चौदाव्या फेरीला तिने विचारलं, सर, बास करू? मी चौऱ्याण्णव सालची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकली. पाठ असावी.

खाली ह्रिनमामा मला लहानपणच्या नावाने म्हणाले, झेन्का, पोरगी एका पायावर उतरतेय.

म्हटलं, मामा, तुम्ही दोर बघा.

म्हणाले, दोरच बघतोय. किती ताणायचा, ते त्याला विचारता येत नाही. तिला विचारता येतं.

म्हातारपणी माणसं कोड्यात बोलायला लागतात.

२० जानेवारी

कटकट.

पाचव्या दिवशी सकाळी ओरिस्याला बूट काढता येईना. गुडघा पावासारखा फुगलेला. बर्फ लावला, बर्फ भरपूर आहे. तेवढ्यात यारीना आली. तिला कुणी सांगितलं माहीत नाही. ह्रिनमामा आकाशाकडे बघत होते.

यारीना माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. खाली बसून तिने बुटाच्या कड्या तोडल्या, आतलं अस्तर कात्रीने कापलं. चांगला महागाचा बूट. मग विचारलं, कधीपासून? ओरिस्या म्हणाली, सोमवारपासून. आणि त्याच्या आधी? पोरगी माझ्याकडे बघायला लागली. यारीना म्हणाली, त्यांच्याकडे नको बघू. मीपण त्यांच्याकडेच बघायचे.

नाट्यमय बोलायची सवय. ल्विवला शिकली असेल.

२३ जानेवारी

ल्विवच्या डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. शर्यत नाही. वर म्हणाले, आणखी आठवडाभर असं चाललं असतं तर ऑपरेशन झालं असतं.

म्हणजे झालं नाही. योग्य वेळी थांबवलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सिगारेट: रोज अकरा. परिस्थितीच तशी आहे.

५ फेब्रुवारी

ओरिस्याच्या घरी गेलो. मधाची बरणी नेली, पट्टी बांधायचा रोल नेला आणि एका जुन्या मित्राकडचं मलम, जे लावलं की गुडघा आहे हेच विसरायला होतं. आई टेबलाशी चीज कापत होती. बस म्हणाली, चहा दिला, पण सुरी खाली ठेवली नाही.

मी समजावलं. शर्यत आपल्या गावात, आपल्या उतारावर, असा योग आयुष्यात एकदाच. दोन फेऱ्या, दीड मिनिटाचा प्रश्न. पट्टी घट्ट बांधू. मी स्वतः दुखऱ्या पायावर उतरलोय. दुखणं दीड मिनिटाचं, मेडल जन्मभराचं.

ओरिस्या म्हणाली, सर, मेडल कुठाय?

म्हटलं, कुणाचं?

म्हणाली, तुमचं.

म्हटलं, माझं थोडक्यात हुकलं.

मग म्हणाली, सात वर्षं मी बघतेय तुम्ही जिना कसा उतरता. आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी. माझी आजीसुद्धा तसं उतरत नाही. मला तसं उतरायचं नाही.

आवाज चढवला नाही. हे मीच शिकवलंय.

आई म्हणाली, मध राहू दे, मलम घेऊन जा.

शाळेचा जिना फार उभा आहे. बांधतानाच चूक झालेली. नेओनिलाबाईंना सांगायला हवं.

८ फेब्रुवारी

उपाय सापडला. मुलांना बोलून नाही, करून दाखवावं लागतं.

शर्यतीआधी ट्रॅक उघडायला एकदोघं खाली उतरतात. वेळ मोजत नाहीत, फक्त बर्फ कसा आहे ते कळतं. नेमका यंदाचा माणूस तापाने झोपलाय, शर्यतीपर्यंत उठणार नाही म्हणतात. नेओनिलाबाईंकडे गेलो. म्हणाल्या, तुम्ही सेहेचाळीस वर्षांचे आहात. म्हटलं, अनुभव. म्हणाल्या, तुमचा गुडघा? म्हटलं, बाई, तो देशासाठी दिलाय, एकदा आणखी देईन. बराच वेळ पटावर बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, हळू उतरायचं. लिहून द्या.

लिहून दिलं. हळू म्हणजे किती, ते लिहिलं नाही.

ह्रिनमामांना घड्याळ दिलं. माझी वेळ गुपचूप घ्या. उगाच म्हणून.

१७ फेब्रुवारी

चौऱ्याण्णवचा रेसिंग सूट काढला. चेन पोटापर्यंत येते आणि विचारात पडते. स्तेफाने मागून ओढली, मी श्वास धरला, बसली. म्हणाली, आता बोलू नकोस. म्हटलं, का? चेन सुटली.

सेफ्टी पिना लावल्यात. लांबून दिसत नाहीत.

१९ फेब्रुवारी, तालुक्याच्या दवाखान्यातून

काल लिहिता आलं नाही. वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, लोक वाट्टेल ते बोलतील.

सुरुवात जबरदस्त. पहिले चार गेट तर असे घेतले की वरच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. सहाव्याला पिना सुटायला लागल्या, पण चित्त ढळलं नाही. नवव्याला डावा गुडघा वळला. मी वळलो नाही. उरलेला ट्रॅक पाठीवर. वाटेतल्या पाच काठ्या माझ्याबरोबर आल्या. दोन्ही स्की वरच राहिल्या. फिनिशची रेघ मात्र मी ओलांडली, डोकं आधी. नियमात ते बसतं.

माइकवाल्याने विचारलं, आता ट्रॅक उघडला म्हणायचं का? लोक हसले. किव्हहून आलेले पर्यटक, त्यांना खेळातलं काय कळतं.

सगळ्यात आधी यारीना धावत आली, मागून ओरिस्या, स्की नव्हत्याच तिच्या पायात. यारीनाने माझं डोकं धरलं, ओरिस्याला म्हणाली, त्यांची टाच उचल, गुडघ्याला हात लावू नकोस. पोरीने न विचारता पाय बरोबर धरला. पिना सुटून उघडं पडलेलं पोट झाकायला आपलं जॅकेट माझ्यावर टाकलं. दोघी मला न बघता, माझ्या गुडघ्याकडे बघून एकमेकींशी बोलत होत्या. मी म्हटलं, पहिले चार गेट पाहिले का? ओरिस्या म्हणाली, पाहिले, सर. चांगले होते.

ह्रिनमामांना वेळ विचारली. म्हणाले, बटण दाबायचं राहिलं.

शर्यत दुसऱ्या गावच्या मुलीने जिंकली. तिला एका पायावर उभं राहता येतं म्हणे.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहेत. एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले, नवीन मार आहेच, पण खाली जुना आहे. हा कधीचा? मी चौऱ्याण्णव सांगितलं, शर्यतीचं नावही सांगितलं. म्हणाले, नाही, हाड वाढत असतानाचं आहे हे. पंधरा-सोळाव्या वर्षीचं. तेव्हा काही झालं होतं?

म्हटलं, काही नाही. आमचे कोच म्हणायचे, दुखतंय म्हणजे वाढतंय. शिस्तीचे होते.

डॉक्टरांनी दिवा बंद केला. स्तेफा खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर फक्त भिंत आहे.

यंत्र जुनं असावं.

१९ मार्च

प्लास्टर. घरी. वजन अकरा किलो जास्त, पैकी प्लास्टरचं किती कुणास ठाऊक. यारीना दोनदा येऊन गेली. रबराचा पट्टा ठेवून गेली, हिरवा. स्तेफाने त्याने लोणच्याची बरणी उघडली. मीही दोनदा ओढून पाहिला, कुणी नसताना.

३ एप्रिल

बर्फ संपला. कुबडी घेऊन शाळेत गेलो. नेओनिलाबाईंनी पुढच्या हंगामाचं काम सांगितलं, बालवाडीचा गट, उतार घराच्या छपराएवढा, काठ्या नाहीत. पायाभरणीचं काम आहे, अनुभवी माणूसच लागतो.

मग एक कागद पुढे केला. ओरिस्या पुढच्या वर्षी ल्विवच्या निवासी क्रीडाशाळेत जातेय. यारीनाने तिला निवड चाचणी द्यायला लावली. गुडघा बरा आहे. अर्जावर पहिल्या प्रशिक्षकाची सही लागते.

आज चष्मा बरोबर होता. पोरीचं अक्षर गोल आहे, सगळे रकाने नीट भरलेले.

पहिले प्रशिक्षक: झेनोवी पेत्राश.

जुनी दुखापत: डावा गुडघा.

दुखापतीचं कारण: पहिल्या रकान्याप्रमाणे.

म्हटलं, बाई, रकाना चुकलाय बहुतेक. नेओनिलाबाईंनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं आणि वाट बघत बसल्या.

सही केली.