बोटीची पितळी कडी

आई, मामाला घेऊन बुडालेल्या बोटीची ती पितळी कडी मी आल्यापासून चिंच लावून घासतेय, तरी बियरचा वास जात नाही. शी!

नागावला एकाने नवीन होमस्टे काढलाय. बोट बुडाली तो दिवस साधून आज दुपारी जेवणावर त्याने माझं भाषण ठेवलं. "मॅडम, जरा थ्रिलिंग सांगा हां. भूतबित असेल तर बेस्टच. लोकं इथे रडायला येत नाहीत." तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण कडी तो काचेत घालून भिंतीवर लावणार होता, आणि माझ्यामागे तिला विचारणारं घरात कुणी नाही. म्हणून थांबले.

कडी तूच मिळवून दिलीस मला. शाळेत होते, त्या बोटीचं नुसतं खूळ लागलं होतं. रेवसच्या धक्क्यावर म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बाबा चिडायचे, "बुडालेल्यांच्या वस्तू घरात कशाला? अभद्र!" आणि तू, जिचा सख्खा भाऊ त्याच बोटीत गेला, दारावर आलेल्या कोळणीला म्हणतेस, "जाळ्यात त्या बोटीचं काही आलं तर आमच्या पोरीला आण गं." ती हसते. "आनीन वहिनी. पन पोरीला खूळच हाय म्हनायचं!" "असू दे. तेवढंच कुणीतरी त्यांचं नाव काढतंय." पुढे एकदा तिच्या पाटीतून मासळीबरोबर ही कडी आली. तू अर्धवट साफ केलेले बांगडे तसेच टाकून ती चिंचेने घासलीस, माझ्या हातात दिलीस, आणि डोळे कोपराने पुसलेस, कारण हाताला खवलं होती. एरवी आम्हाला हौसेने रांधून घालायचीस, पण दरवर्षी बोट बुडाली त्या दिवशी घरात मासळी नाही म्हणजे नाही. "आजच्या दिवशी घशाखाली उतरत नाही गं." आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. पण तू त्या खुळाला हसली असतीस तर ते तिथेच मेलं असतं.

तर आज मी मामाबद्दल बोलत होते, कडी बघायला म्हणून हातोहात फिरत होती, आणि एका बाप्याने त्या कडीनेच फटकन बियरची बाटली उघडली. टाळ्या पडल्या! मालक सगळ्यांत मोठ्याने हसला. मी जाऊन कडी हिसकावली. "लाज नाही वाटत? माणसं मेलीत तिथे!"

"चिल, मॅडम. गंमत केली."

गंमत म्हणे! मुडदा बशिवला त्याच्या गमतीचा. कडी पर्समध्ये टाकली आणि तडक रिक्षा पकडली.

कडी आता तुझ्या फोटोखाली आहे. माझ्यानंतर तिचं काय होईल, ठाऊक नाही. हा कागदही तिच्याखालीच ठेवीन, पाठवणार तरी कुठे?

एक सांगायचं राहिलं. भाषणाआधी त्यांनी ताट पुढे केलं. दिवस कुठला ते मला ठाऊक होतं, तेच तर सांगायला गेले होते. तरी मी सुरमईच्या दोन तुकड्या खाल्ल्या. तुझं ते वाक्य आठवलंसुद्धा नाही. चांगली झाली होती गं, आई.