जेवणावरच्या चहाची साक्ष

७ मार्च, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली काही अंगं मनानेच वाकली असं समजावं). इतके महिने पत्र नाही याबद्दल क्षमा. ‘जिवंत आहेस का, एवढं तरी कळव,’ असं तू लिहिलंस, आणि उत्तर द्यायला मी इतका वेळ लावला की तुझी शंका रास्तच ठरली. फोन करता आला असता. पण फोनवर तू आधी ‘जेवलीस का?’ विचारतेस, आणि हल्ली त्या प्रश्नाचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. का, ते पुढे येईलच. भावोजींचा गुडघा कसा आहे? तुझा रक्तदाब? मिठाची बरणी अजून तेच तुझ्यापासून लपवतात ना?

माझं नवं काम तुला ठाऊक नसेल. गावोगावच्या पोषण-स्वयंसेविकांचं मूल्यमापन. म्हणजे असं, की या बायका आपलं घरदार सांभाळून दारोदार जातात, बाळांची वजनं करतात, आयांना काय खावं, काय भरवावं ते सांगतात. आणि त्या ते नीट सांगतात की नाही हे पाहायला आम्ही जीपमध्ये बसून जातो. त्यांना मानधन नसलं तरी मान आहे, असं आमचे साहेब म्हणतात. (मी शोधते आहे. तक्त्यात त्याला रकाना नाही.) स्वयंसेविकेने एका घरी जायचं, मी कोपऱ्यात गप्प बसायचं. तिने आधी विचारायचं, मग ऐकायचं, रागवायचं नाही, आणि शेवटी समोरच्या बाईकडून एकच छोटी सवय बदलायचं कबूल करून घ्यायचं. त्या बाईच्या माणसांपैकी एक जण साक्षीदार. आठवड्याने कार्यालय साक्षीदाराला फोन करतं: सवय बदलली का? बदलली, तर स्वयंसेविका राहिली. नाही, तर तिच्या जागी दुसरी.

गेल्या आठवड्यात ज्या गावी गेले तिथल्या स्वयंसेविकेला सगळे ‘तोफ’ म्हणतात. कपडे शिवते. दातांत टाचण्या धरून बोलली तरी आवाज गावाबाहेर जातो. आम्ही उतरलो तर ही दारात उभी. ‘या. गावात कुणी नाही.’ अख्खं गाव शेजारच्या गावी लग्नाला गेलं होतं, तान्ह्या बाळांसकट. नवरीचे कपडे हिनेच शिवलेले. पण आज मूल्यमापन म्हणून ही एकटी मागे थांबलेली. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, पाहणीचा दिवस एकदाच मिळतो. घरभेट नाही तर शून्य लिहा. आणि मग जरा जास्तच उत्साहाने, ‘आमची मेहुणी तयारच आहे.’ (या मेहुणीला मी पाहिलं आहे. रडणारं मूल दिसलं की ती रस्ता बदलते.)

‘शून्य?’ तोफ कडाडली. ‘सल्ला द्यायला एक बाई पाहिजे ना? मग तुम्ही कोण आहात?’

ताई, मूल्यमापन करणारीलाच सल्ला देऊ नये असं नियमांत कुठेही नाही. मी जीपमध्ये बसून शोधलं. तरी मन खात राहिलं, म्हणून साहेबांना पुन्हा विचारलं, तर त्यांनी लगेच ‘चालेल’ म्हटलं. इतक्या लगेच का, ते तोफेचे प्रश्न सुरू झाल्यावर कळलं. सकाळी काय घेतलं? चहा. दुपारी? जेवण आणि चहा. जेवणानंतर किती वेळाने? नंतर कुठला, हात धुता धुता. (साहेब हे रोज पाहतात. माझा चहा सुटला नाही की मेहुणीची सोय.) जिना चढताना दम लागतो का? ‘छे,’ मी म्हणाले, तर दारातून आमचे ड्रायव्हरकाका: ‘लागतो की! परवा पायरीवर बसल्या होत्या, मीच पाणी दिलं.’ तोफेने माझी खालची पापणी ओढून पाहिली. रागावली नाही (गुण दिला). पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला राग म्हणावं का, या शंकेने अर्धा गुण कापला, आणि मी न्यायाने कापला की चिडून हे न ठरल्यामुळे परत दिला. जेवणावर चहा प्यायला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मी प्रशिक्षणांत चित्रांसकट शिकवते, असं तिला सांगितलं. ‘अस्सं! माहीत असून पिता? म्हणजे अवघड केस,’ म्हणत तिने आनंदाने हात चोळले.

तर ठरलं असं: जेवणानंतर तासभर चहा नाही. साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलं. घरात मी एकटी, आणि खोटं न बोलणारं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. (‘मुलीला स्वयंपाक येतो का?’ या प्रश्नाला तू पाहुण्यांना दिलेलं उत्तर घराण्यात अजून सांगतात. त्यामुळेच मी आज निवांत एकटी आहे, तेव्हा तक्रार नाही.) ताई दूर राहते, ही अडचण मी मांडली. तोफ म्हणाली, ‘बहिणीला बसल्या जागी कळतं.’

आठवडा कसा गेला विचारू नकोस. पहिला दिवस उत्तम. दुसऱ्या दिवशी बैठकीत जेवणाबरोबरच चहा आला. मी अर्धाच घेतला, आणि अर्ध्या चहाने शब्द अर्धा मोडतो की पूर्ण, यावर दुपार घालवली. तिसऱ्या दिवशी जेवणाऐवजी बिस्किटं खाल्ली, म्हणजे ते जेवण नव्हे. पण मग लोह कुठलं? त्यानंतर काकांनी माझा थर्मास जप्त केला. मला सलतं ते एवढंच, की मी घसरले तर माझं काहीच बिघडत नाही. नोकरी तिची जाणार, तीही जिला नोकरी म्हणत नाहीत अशी. आणि तिने तर लग्नही बुडवलं.

काकांची सासुरवाडी तुमच्याच गावात, म्हणून पत्र त्यांच्या हाती आज संध्याकाळी मिळेल. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. कार्यालयाचा फोन तुला उद्या संध्याकाळी येईल. खोटं बोल असं मी कशी म्हणेन? फक्त उद्या दुपारी जेवायला तुझ्याकडे यावं म्हणते. निदान एका दिवसापुरतं तरी तू डोळ्यांनी पाहिलेलं असेल. बाकीच्या दिवसांचं विचारलं तर हे पत्र वाचून दाखव.

आणखी ता. क. भावोजी जेवण उरकताच आलं किसायला बसतात. त्यांना तासभर कुठेतरी पाठव. गुडघा दुखत असला तरी.

शेवटचं. कोपऱ्यातला डाग चहाचाच आहे. मी आत्ताच जेवले, आणि काकांनी कप ओढून घेतला त्या झटापटीत तो सांडला. एक घोट आधी पोटात गेला होता का, यावर आमचं एकमत नाही.

उद्याचं काम: जेवण झाल्यावर तासभर ताईच्या नजरेसमोर बसून राहणे.