अन्थूलासाठी पालकभात

४ मार्च, मंगळवार
लारिसा शहरातून अन्थूलाचा फोन. आईला जाऊन सहा महिने होत आले, बाबा, तुम्ही खाता काय? म्हणालो, सगळं खातो. म्हणे, सगळं म्हणजे पाव आणि ऑलिव्ह, मला काय माहीत नाही? तिने फ्लॅटची मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. पाचवा मजला. समोर दुसऱ्यांची गच्ची.
मुलगी प्रेमाने बोलवते. पण तिथे मी महिनाभरही जगणार नाही.
म्हणून सांगून टाकलं, तेवीस तारखेला ये. ईस्टरआधीच्या उपासाचा पालकभात करून घालतो, आईसारखा. जमला तर खोलीचा विषय बंद. ती हसली, पण "ठरलं" म्हणाली.
पालक, तांदूळ, पातीचा कांदा, शेपू, लिंबू, तेल. यात अवघड काय? बायका उगाच मोठं करून सांगतात.

५ मार्च, बुधवार
आज बुधवारचा उपास, तेलही वर्ज्य. प्रयोग उद्यावर. देव दयाळू आहे.

६ मार्च, गुरुवार
मारियामातेच्या तसबिरीखाली फळीवर माझ्या बायकोच्या, आग्लायाच्या, तेलाच्या दोन बाटल्या. एकीला बूच, एकीला चिंधी. एक स्वयंपाकाची, एक दिव्याची. कुठली कोणती हे संसारात कधी विचारलं नाही. डोकं चालवलं. आग्लाया देवभोळी, उत्तम तेल देवालाच देणार. म्हणजे बूचवाली दिव्याची, चिंधीवाली आपली. ओके.
ती गेल्यापासून दिवा विझलेलाच होता. तोही आज लावला.
पालक पोतंभर आणला. पातेल्यात मावेना, झाकणावर कोपराने दाबून धरला. थोड्या वेळाने उघडतो तर मूठभर! तांदूळ मात्र पोत्याच्या अंदाजाने घातला होता. खळ झाली. भिंतीला कागद चिकटवता आले असते. चव कडवट. पालक जून असणार.

११ मार्च, मंगळवार
तांदूळ कमी. भात मोकळा झाला. चव तीच. लिंबाचा दोष. मांजराने एकदा चाटलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेलं. मांजरांना उपास कळत नाहीत.
दिवा मात्र काय सुंदर जळतो! धूर नाही, काजळी नाही. आग्लायाच्या हातून असा कधी जळला नाही. वरचे माझ्या बाजूने आहेत.

१५ मार्च, शनिवार
शेजारच्या पोलिक्सेनीने भिंतीवरून डोकावून चमचा मागितला. चाखलं. म्हणे, "स्तेर्यो, भात मोकळा आहे, शेपू बरोबर आहे. मग हा जुन्या ट्रंकेचा वास कुठून येतोय रे?" म्हणालो, तुला सर्दी झालीय. म्हणे, "झाली असती तर सुटले असते."
मग म्हणाली, त्या दिवशी मी करून देते, तू केलास म्हणून सांग. मी ताठ होऊन म्हणालो, मी मुलीला फसवणार नाही. पुन्हा विचारलं असतं तर हो म्हणणार होतो. नाही विचारलं.

२० मार्च, गुरुवार
वर चीज कुस्करलं तर चव झाकली जाईल, पण उपासात चीज? आग्लाया काय म्हणेल?
ती म्हणायची, पालकभात तेलावर उभा राहतो. म्हणजे तेल कमी पडत होतं! सापडलं. रविवारी दुप्पट घालायचं.

२३ मार्च, रविवार
अन्थूला आली. भात हिरवागार, मोकळा, वर तेलाचा तवंग. बघून खूश झाली. पहिला घास घेतला आणि तिचं चावणं थांबलं.
"बाबा, तेल कुठलं घातलंत?"
चिंधीवाली दाखवली. तिने वास घेतला. "अहो, हे दिव्याचं! किती वर्षांचं खवट. आई म्हणायची नाही का, मारियामातेला कुठे जेवायचंय?" मग दिव्याकडे पाहिलं. "आणि आईने शेवटचं भरलेलं तेल तुम्ही रोज जाळताय?"
हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. बराच वेळ पुसत होती.
मी म्हणालो, पण कृती बरोबर होती. ती म्हणाली, हो बाबा, कृती अगदी बरोबर होती. तेव्हाच मला धडकी भरली. एरवी ती माझ्याशी वाद घालते.
बूचवाल्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. तेवढ्याच तेलात तिने पुन्हा पालकभात केला. तोच. आग्लायाचा. मी तीन ताटं खाल्ली. तिसऱ्याच्या मध्यावर ती हळूच म्हणाली, ईस्टरपर्यंत तरी चला. माझ्या तोंडात घास होता. मान हलली. कशी हलली, कळलं नाही.

२४ मार्च, सोमवार
ईस्टरपर्यंतच जातोय. जाड कोट आपला सवयीने घेतला. मांजर पोलिक्सेनीकडे. म्हणाली, "लवकर ये रे, माझं भांडण कोणाशी होणार?" म्हणालो, आलोच.
तसबीर आणि दिवा अन्थूलाने उशांच्या अभ्र्यात गुंडाळून बॅगेत ठेवले. तिथे मागच्या खोलीत खिळा मारलेला आहे म्हणे.
चिंधीवाली बाटली मात्र मी फळीवरच राहू दिली. परत आल्यावर दिव्याला लागेल.